ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की सांगलीत झेरॉक्सच्या दुकानांपुढं गर्दी होते. रांगेत बहुतेक सगळे आईबाप. हातात पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये पोराचं आजवरचं सगळं आयुष्य. मुलगा कुठाय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘घरी आहे. दमलाय हो. दोन वर्षं नुसता क्लास आणि टेस्ट.’’ दमलेल्या पोराला झोपू द्यावं, माझी ना नाही. पण स्वतःच्या जातीच्या दाखल्यावर कुणाची सही असते हे ज्याला ठाऊक नाही, तो दीड-दोन महिन्यांनी पुण्यात एकटा राहणार असतो. आणि त्याच्या तयारीच्या नावाखाली घरात चर्चा कशाची, तर बादलीची, उशीची आणि लसणाची चटणी किती दिवस टिकते याची.

आमची लेक गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला गेली. ती अकरावीत असतानाच घरात ठरलं होतं, की फाईल तिनं लावायची. आम्ही रिक्षाचे पैसे द्यायचे आणि लागेल तिथं सही करायची.

कागद काही थोडेथोडके नाहीत. डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर प्रांतांचा, अर्ज सगळे सेतूत. नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपते ३१ मार्चला आणि प्रवेश असतात जून-जुलैत. त्यामुळं जपून ठेवलेला जुना दाखला ऐनवेळी चालत नाही, हा शोध दर वर्षी कुणाला तरी नव्यानं लागतो. या सगळ्यांवर कडी म्हणजे जात वैधता. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या. म्हणजे २००७ साली जन्मलेल्या पोरीला इंजिनिअर व्हायचं असेल, तर आधी आजोबांच्या शाळेत जाऊन यायचं.

आबांची शाळा तासगाव तालुक्यात. ती आणि आबा दोघंच एसटीनं गेले. मी गेले नव्हते, त्यामुळं पुढचं सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. शाळेतल्या शिपायानं विचारलं, ‘‘कुणाचा उतारा पायजे? आजोबांचा? शाळा शिकल्यात का त्ये?’’ आबा शेजारीच उभे. मग कपाटातून १९५४ सालचं जनरल रजिस्टर निघालं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. नशीब, नोंद बाळबोधीत होती. मोडीत निघाली असती, तर वाचणारा शोधत फिरावं लागलं असतं. आबांचं नाव सापडलं. जन्मतारीख १ जून १९४८. लेकीनं सहज वर-खाली नजर टाकली, तर त्या पानावरच्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून. आबा म्हणाले, ‘‘अगं, आमच्या आयांना तारखा कुठल्या ठाऊक? मास्तर डोक्यावरनं हात घालून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. लागला, की वय झालं. मग जून टाकायचे.’’ आम्ही दर वर्षी १ जूनला आबांसाठी केक आणतो. तो वाढदिवस मास्तरांच्या सोयीचा आहे, हे आबांना सत्तर वर्षं माहीत होतं आणि त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

त्याच ओळीत पालकाच्या धंद्याचा रकाना होता. पणजोबांच्या नावापुढं ‘मजुरी’ असं लिहिलेलं. सोयऱ्याधायऱ्यांत आम्ही त्यांना बागाईतदार म्हणून सांगत आलोय. घरी आल्यावर लेकीनं तो उतारा जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला आणि फक्त बघितलं माझ्याकडं. पुढं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करताना तिचा आणखी एक प्रश्न आला, यात आजी कुठं लिहायची? वंशावळ बापाकडून वर चढते, आजीला त्यात जागा नसते. सेतूतल्या मुलानं ‘‘ताई, फॉरमॅट तसाच आहे’’ म्हणून सांगितलं. फॉरमॅट तसाच होता. घराण्याचा इतिहास, सरकारी भाषा, बायकांची जागा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद होणारी खिडकी, एवढं सगळं तिला एका प्रकरणात शिकायला मिळालं. कुठल्या क्लासमध्ये हे शिकवतात?

ऑप्शन फॉर्मच्या वेळी मात्र घरात महाभारत झालं. तिच्या बाबांचं म्हणणं, कॉम्प्युटर, नाहीतर एआय. तिला सिव्हिल हवं होतं. २०१९ च्या पुरात ती बारा वर्षांची होती. आयर्विन पुलाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोका मानतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत मावशीकडं राहायला गेलो होतो. पाणी उतरल्यावर गल्लीत परत आलो तेव्हा कुठल्या घराची भिंत उभी होती आणि कुठल्या घराची बसली होती, हे तिला अजून घरनिहाय सांगता येतं. मामा म्हणाला, ‘‘सिव्हिलला हल्ली विचारतंय कोण?’’ ती म्हणाली, ‘‘पुढच्या ऑगस्टमध्ये सांगते.’’

गावात आता ऑप्शन फॉर्म भरून देणारेही बसलेत. पैसे घेऊन यादी करून देतात, आणि त्यांच्या दारातही पालकच असतात. वास्तविक यादीचं तत्त्व सोपं आहे. यंत्रणा ती वरून खाली वाचते. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. तरी आईबाप भीतीपोटी काय करतात, तर ‘मिळण्यासारखं’ कॉलेज एक नंबरला टाकतात आणि मनातलं पाचव्याला. पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीझ होते. मग मनातलं कॉलेज पुढच्या फेरीत आवाक्यात आलं तरी उपयोग नाही. २०२५ च्या प्रवेशांत तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं आणि तिसरीत पहिल्या सहांतलं काहीही लागलं तरी हाच नियम होता. लेकीनं माहितीपुस्तिका छापून घेतली आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचून काढली. मग वहीत तक्ता आखला. गेल्या वर्षीचा कटऑफ, फी, मुलींचं हॉस्टेल आहे का, स्टँडपासून किती लांब. बाबांची कॉम्प्युटरची कॉलेजं तिनं टाकली, पण स्वतःच्या सिव्हिलच्या खाली. लागलं पुण्यातलं सिव्हिल. ‘‘घराशेजारी वालचंद असताना पुण्याला कशाला?’’ हे मात्र अजून भेटेल तो विचारतो. ते कॉलेज तिच्या यादीत होतं. लागलं नाही. संपला विषय.

या काळात घराघरांतून एक गोष्ट मला सारखी दिसत होती. नाव मुलाचं, मार्क मुलाचे, पण फॉर्मवर मोबाईल नंबर बापाचा, ई-मेल क्लासच्या सरांनी काढून दिलेला आणि पासवर्ड आईच्या डायरीत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. बाप बँकेत कॅशवर बसलेला आणि घरून फोन, ‘‘अहो, ओटीपी आलाय का बघा, लवकर, दोनच मिनिटं आहेत.’’ आमच्या ओळखीतला एक मुलगा आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात त्यानं परीक्षेचा फॉर्म भरायला घेतला की मिरजेत बापाचा मोबाईल वाजतो. बाप झोपलेला असला, तर फॉर्म थांबतो.

यामागं भीती असते, ती खोटी नाही. पोरं अल्लड असतात, कुणीतरी फसवेल, खातं रिकामं होईल. पण डिजिटल अरेस्टचे फोन माझ्या पिढीतल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनाही येतायत. माझ्या मोबाईलवर आलेला असा एक फोन लेकीनंच हातातून घेऊन कट केला होता. तेव्हा राखणदारी कुणी कुणाची करायची, हा प्रश्न मी सोडून दिला. अठरावं लागल्यावर तिनं बँकेत जाऊन अज्ञानाचं खातं सज्ञानाचं करून घेतलं, स्वतःची सही दिली, आधार जोडलं. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच येते, हे तिनं मला सांगितलं. मतदार नोंदणीचा फॉर्म ६ सुद्धा त्याच आठवड्यात भरला.

याचा उपयोग कॉलेजच्या फीच्या खिडकीवर दिसला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, ‘‘आत्ता सगळी फी भरा, सरकारकडून आली की परत मिळेल.’’ तिचे बाबा पाकिटाला हात घालत होते. आपली पिढी खिडकीपुढं अशीच वागते. लेकीनं फाईलमधून शासन निर्णयाची प्रत काढली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, एवढं लेखी द्याल का?’’ बाई आत जाऊन आल्या. शिक्षण शुल्क घेतलं नाही. बाकीच्या बारीकसारीक फिया, राहणं, जेवण हे अर्थात आपल्याच खिशातून, आणि ते काही कमी नाही.

राहायची सोय कर्वेनगरला झाली, कॉट बेसिसवर. एका खोलीत तिघी. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवा आणि निराधार बायकांसाठी आश्रम काढला आणि पुढं तो तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर नेला. त्याच परिसरात आज गल्लोगल्ली मुलींसाठी कॉट भाड्यानं मिळते. घरमालकीणबाईंनी नियम सांगितले. रात्री साडेनऊला फाटक बंद, इंडक्शन चालणार नाही, मशीन आठवड्यातून एकदा. डिपॉझिटचं मात्र पावती-बिवती काही नाही म्हणाल्या. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात लेकीनं यूपीआयनं पैसे पाठवले आणि शेऱ्यात ‘डिपॉझिट’ आणि महिना टाइप केला. पुरावा झाला.

सामानाबद्दल काय लिहायचं? बादली, मग, दोरी, चिमटे, कुलूप, सगळं तुळशीबागेत मिळतं. सांगलीहून बादली वाहून नेणाऱ्या आईबापांचं मला नवल वाटतं. तरी मीही चटणीचे डबे दिलेच. ते कुणाला चुकलेत?

त्यापेक्षा औषधांच्या डब्यावर आमचा जास्त वेळ गेला. गोळ्यांची नावं नव्हे, त्या कधी घ्यायच्या नाहीत ते. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर मैत्रिणीच्या मैत्रिणीनं सुचवलेलं अँटिबायोटिक नको, डॉक्टर. आणि आजारी पडलीस तर कळव, उगाच ‘बरी आहे’ म्हणू नकोस. या शेवटच्या कलमावर तिनं सही केलेली नाही, असा मला संशय आहे.

एका कागदानं मात्र मला गप्प केलं. अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याबरोबर पालकालाही द्यावं लागतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ पासून आहे, आणि घराघरांत त्याबद्दल बोलणं होतं ते एकाच बाजूनं, आपल्या पोराला कुणी त्रास देईल का? कागदावर आपण सही करतो ती मात्र आपलं पोर कुणाला त्रास देणार नाही याची. मी वाचलं आणि लेकीला विचारलं, ‘‘पुढच्या वर्षी तुझ्या खोलीत नवी मुलगी आली, गावाकडून, बोलीतून बोलणारी, आणि बाकीच्या तिची नक्कल करायला लागल्या, तर?’’ ती म्हणाली, ‘‘आई, मीच गावाकडची आहे. पुण्यात ‘कुठं’ म्हटलं तरी हसतात.’’ हे प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिलाही ते माहीत होतं. बराच वेळ बोललो आम्ही त्या रात्री, मुख्यतः शाळेत तिच्या वर्गात एका मुलीला नावं ठेवायचे त्याबद्दल, आणि तेव्हा ती काय करत होती त्याबद्दल. ते इथं लिहिणार नाही, तिची परवानगी नाही.

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांचा मुलगा यंदा बारावीला आहे. म्हणाल्या, ‘‘जात वैधतेचं तेवढं सांगा हो सगळं, कुठं जायचं, काय न्यायचं. लिहूनच घेते.’’ मी म्हटलं, ‘‘त्यालाच पाठवा ना. लेक रविवारी येतेय, ती सांगेल सगळं.’’

‘‘रविवारी त्याची टेस्ट असते.’’

‘‘मग संध्याकाळी.’’

‘‘संध्याकाळी पेपर सोल्यूशन असतं,’’ असं म्हणून वहिनींनी पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, ‘‘हं, तर पहिल्यांदा तहसीलला जायचं की प्रांतांकडं?’’