नवी प्रणाली घ्या, पण जुन्या हिशेबाशी ताळा घेऊनच

सभासद बंधू-भगिनींनो,

कारखान्याच्या ईडीपी विभागातील माहिती-विश्लेषणाची प्रणाली नव्या आवृत्तीवर न्यायची, हा विषय सध्या आपल्याकडे निघाला आहे. "त्यात आपल्याला काय कळतंय? ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम," असे म्हणून बरेच सभासद तो सोडून देतात. परंतु तोड कधी येणार, उतारा किती पडला, वाहतुकीचा खर्च कोठे वाढला, बिलातून काय वजा झाले, हे ज्या तक्त्यांवरून पाहिले जाते ते तक्ते हीच प्रणाली काढते. तेव्हा हा विषय ऑफिसातला असला तरी त्याची झळ बांधापर्यंत पोचते.

प्रथम ही प्रणाली काय करते ते पाहू. गट ऑफिसात लागणीची नोंद होते, काट्यावर वजन होते, प्रयोगशाळेत तपासणी होते, अकौंट खात्यात वजावटी पडतात. या सगळ्या नोंदी एका ठिकाणी साठवल्या जातात. विश्लेषणाची प्रणाली स्वतः नोंद करत नाही. साठवलेल्या नोंदी निवडून, एकमेकींशी जुळवून, बेरजा मारून ती तक्ता पुढे ठेवते. नोंदी म्हणजे ऊस धरला तर ही प्रणाली म्हणजे मिल. ऊस तोच असला तरी मिलचे सेटिंग बदलले की रस कमी-जास्त निघतो, हे आपणांस सांगायला नको.

बदल नकोच, असे म्हणणारांशी मी सहमत नाही. अशा कामासाठी अनेक कार्यालयांत मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एसक्यूएल सर्व्हर वापरतात. त्याच्या २०१४ सालच्या आवृत्तीची मुदत ९ जुलै २०२४ रोजी संपली. २०१६ च्या आवृत्तीला कंपनीने १४ जुलै २०२६ पर्यंतची मुदत दिली. मुदत संपली की नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे बंद होते. हजारो सभासदांचे बँक खाते क्रमांक आणि बिले ज्या ठिकाणी आहेत, ते दार बिनकडीचे ठेवणे शहाणपणाचे नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. नवी प्रणाली चालू झाली म्हणजे ती बरोबर चालली, असे होत नाही. बंद पडलेले यंत्र सगळ्यांना दिसते. चुकलेला आकडा मात्र सुबक छापून येतो आणि "साहेब, कॉम्प्युटरात असंच आलंय" म्हटले की विषय संपतो.

तीन साधी उदाहरणे घ्या. कारखान्याचा दिवस पाळीप्रमाणे मोजला जातो, तर संगणकाचा दिवस मध्यरात्री बदलतो. नव्या प्रणालीत ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तर रात्रपाळीचा ऊस दुसऱ्याच तारखेला पडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते आणि उशीर झाल्यास सालिना १५ टक्के व्याज लागू होते. म्हणून तारीख ही क्षुल्लक बाब नव्हे.

दुसरे उदाहरण नावांचे. जुन्या मराठी नोंदी पुष्कळ ठिकाणी जुन्या फॉण्टमध्ये आहेत. त्या यूनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात. एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे सभासद असतातच. नोंदी सभासद क्रमांकाऐवजी नावावर जुळवल्या, तर एकाची वजावट दुसऱ्याच्या गळ्यात पडायला वेळ लागत नाही. तसेच, ज्या प्लॉटची लागण तारीख कोरी राहिली आहे तो जुन्या तक्त्यात निदान शेवटी तरी छापला जाई. नव्या तक्त्यात तो मुळीच आला नाही तर? त्या सभासदाचा ऊस फडातच वाळत राहील, आणि यादीत नाव नाही हे यादी वाचून कुणाला कळणारही नाही.

तिसरे उदाहरण दशांशाचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. एका आवृत्तीने पुढचा दशांश कापून टाकला आणि दुसरीने तो वर ओढला, तर तक्त्यात ०.१ टक्क्याचा फरक दिसू शकतो. पाच लाख टन गाळपावर तो १ कोटी ७३ लाख रुपये होतो. अंतिम दर सरकारी नियमानेच ठरतो हे खरे. पण बैठकीतला अंदाज आणि बँकेकडची उचल यांचे बोलणे त्याआधी तक्त्यावरूनच होते.

अशा बदलात मोठमोठ्यांची त्रेधा उडालेली आहे. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले ५२ लाख ग्राहक नव्या प्रणालीवर एकदम हलवले. नोंदी नव्या घरी नीट पोचल्या, पण प्रणालीच अडखळली आणि कित्येकांना स्वतःचे खाते उघडता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. नोंदी सुखरूप पोचल्या एवढ्यावर समाधान मानू नये, हा त्यातला धडा.

दुसरा धडा वेळेचा, आणि तो आपल्या साखरेचाच सोबती. अमेरिकेतील हर्षी या चॉकलेट कंपनीने जुलै १९९९ मध्ये, ऐन सणाच्या मागणीच्या तोंडावर, नवी संगणक प्रणाली सुरू केली. गोदामात माल होता, पण दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. मोळी टाकायच्या आठवड्यात कोणी नवा बॉयलर जोडत नाही. मग प्रणाली तरी का जोडावी?

यावर काही जण म्हणतील, दोन्ही प्रणाली बरोबर चालवायच्या तर खर्च दुप्पट, कर्मचाऱ्यांना काम दुप्पट. शिवाय कंपनीने तपासणी केलीच आहे. काम वाढेल, हे मान्य. पण नवा वजनकाटा विकणाऱ्याच्या शब्दावर आपण चालू करतो का? वैधमापन खात्याचा शिक्का बसल्यावरच त्यावर गाडी चढते. या तक्त्यांना शिक्का मारणारे सरकारी खाते नाही. तो शिक्का आपणच मारायचा आहे.

म्हणून संचालक मंडळाला माझी सूचना अशी. बदल गळीत बंद असतानाच व्हावा. मागील संपूर्ण हंगाम नव्या प्रणालीतून पुन्हा गाळून पाहावा आणि गटवार टनेज, उतारा, वजावट यांचा जुन्या तक्त्यांशी ताळा घ्यावा. फरक आला तर त्याचे कारण लेखी असावे. जुनाच आकडा चुकत होता असे निघाले तर तेही लपवू नये. प्रत्येक आकड्याचा अर्थ मराठीत लिहून ठेवावा. ताळ्यावर ईडीपी विभागाबरोबर शेती अधिकारी, चीफ केमिस्ट आणि चीफ अकौंटंट यांच्या सह्या असाव्यात, कारण ऊस, उतारा आणि पैसा त्यांना कळतो. नवा हंगाम सुरू झाल्यावर पहिले दोन पंधरवडे दोन्ही तक्ते निघावेत. त्यानंतर जुनी प्रणाली बाहेरच्या जोडणीपासून तोडून केवळ पाहण्यासाठी ठेवावी. आणि हा ताळा या वार्तापत्रात छापावा.

सभासदांनीही आपले काम करावे. काटा पावत्या फेकू नका. पावतीवरचे वजन, तारीख आणि सभासद क्रमांक बिलाशी ताडून पाहा. लागण तारखेची नोंद गट ऑफिसात जाऊन एकदा बघून या. फरक दिसला तर चहाच्या टपरीवर बोलण्यापेक्षा लेखी अर्ज द्या. कारखाना आपल्या भागभांडवलावर उभा आहे. त्याचा हिशेब समजून घेण्याचा आपला हक्क आहे आणि ते कर्तव्यही आहे.

कळावे.
— एक ऊस उत्पादक सभासद