हलकी रेल्वे आणि दुकानाचा उंबरठा

शहरातील एक वस्ती दुसऱ्या वस्तीशी रुळांनी जोडावी की नाही, हा प्रश्न आता केवळ नगररचनाकारांचा राहिलेला नाही. आपल्या व्यापारी कुटुंबांतही त्यावर मतभेद होतात. तरुण पिढीला त्यात प्रगती दिसते. पेढीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र खणलेला रस्ता, अडलेला टेम्पो आणि अर्ध्या वाटेवरून परतलेले गिऱ्हाईक उभे राहते. दोघांचेही म्हणणे निराधार नाही. म्हणून सुज्ञ वाचकहो, या वेळी आपण या प्रश्नाची जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू समोरासमोर मांडून पाहू.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट असावा. मुंबई, पुणे, नागपूर येथे धावते ती मेट्रो मोठ्या गर्दीसाठी असते आणि तिचा खर्चही तसाच मोठा असतो. जेथे गर्दी त्याहून कमी आहे, तेथे लहान गाड्यांची हलकी रेल्वे चालते. ट्राम हे तिचेच जुने रूप होय. केंद्र सरकारने 2019 साली ‘मेट्रोलाईट’ या नावाने तिचे निकष प्रसिद्ध केले. साधारण तीनशे प्रवाशांची, तीन डब्यांची गाडी अशी ती कल्पना आहे. त्यानंतर ‘मेट्रो निओ’ आली. तिला रूळ नाहीत. रबरी चाकांची लांबलचक विजेची बस वरच्या तारेतून वीज घेत स्वतंत्र मार्गावरून धावते. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या दोन्ही तंत्रांचा उल्लेख झाला आणि नाशिकच्या प्रकल्पासाठी 2,092 कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला. गंगापूर ते नाशिकरोड रेल्वे स्थानक आणि गंगापूर ते मुंबई नाका असे दोन मार्ग त्यात आखलेले आहेत. मात्र प्रत्यक्ष काम अद्याप उभे राहिलेले नाही. म्हणजेच बोलण्याची वेळ अजून टळलेली नाही.

नाशिकला ही कल्पना नवी नाही. 1889 साली मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. गाव एकीकडे आणि स्थानक आठ-दहा किलोमीटर दूर, ही अडचण त्या काळच्या लोकांनी रुळांनीच सोडवली. मुंबईत 1874 पासून ट्राम पायधुणी आणि काळबादेवीच्या बाजारपेठांतून धावली. 1907 मध्ये ती विजेवर आली आणि 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. ज्या पेठांतून आपल्या समाजातील अनेक घराण्यांनी व्यापाराचा श्रीगणेशा केला, त्या पेठांच्या दारातून तब्बल नव्वद वर्षे ट्राम जात होती. रूळ आणि बाजार यांचे मुळातच वैर आहे, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही.

तरीही विरोधाची बाजू नीट ऐकली पाहिजे. व्यापारी म्हणतो, गिऱ्हाईक गाडी घेऊन येते. गाडी लावायला जागा राहिली नाही, तर ते दुसरीकडे जाईल. माल टेम्पोने येतो. दुकानासमोर चढउतार करता आली नाही, तर हमालीचा खर्च वाढेल. तिसरा आक्षेप पैशाचा आहे. एवढ्या रकमेत कितीतरी बसगाड्या येतील, मग पालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवाच का बळकट करू नये? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. प्रवासीच पुरेसे नसतील, तर रूळ टाकणे म्हणजे कमी खपाच्या मालासाठी मोठे गोदाम बांधण्यासारखे होय.

यातील पहिल्या शंकेचे उत्तर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात सापडते. तेथे 1989 ची पालिका निवडणूक याच वादावर गाजली. एका बाजूला जमिनीखालून जाणारी स्वयंचलित छोटी मेट्रो होती, तर दुसऱ्या बाजूला रस्त्यावरून जाणारी ट्राम. व्यापाऱ्यांचा कल भुयारी गाडीकडे होता, कारण त्यामुळे वरचा रस्ता मोटारींसाठी मोकळा राहणार होता. ट्रामचा पुरस्कार करणाऱ्या कॅथरीन त्रोतमान निवडून आल्या. 1992 मध्ये शहराच्या मध्यवर्ती चौकातून मोटारी हटवण्यात आल्या आणि नोव्हेंबर 1994 मध्ये ट्राम सुरू झाली. पहिल्याच मार्गाने ओतपिएर ही दूरची श्रमिक वसाहत थेट मुख्य बाजारपेठेला जोडली. शहराच्या कडेला वाहनतळ उभारले गेले. तेथे मोटार लावली की त्याच पावतीवर मोटारीतील सर्वांचा ट्रामप्रवास होत असे. पुढच्या वर्षी त्रोतमान पुन्हा निवडून आल्या आणि ट्रामचे जाळे वाढतच गेले. गिऱ्हाईक मोटारीतून येते की पायी, यापेक्षा ते सहज येऊ शकते की नाही, हे बाजाराला महत्त्वाचे असते.

आपल्याकडे याची पडताळणी करणे अवघड नाही. एखाद्या सकाळी दुकानासमोर उभ्या असलेल्या दुचाक्या मोजाव्यात. त्यांपैकी गिऱ्हाइकांच्या किती आणि आपल्या व आपल्या नोकरवर्गाच्या किती, हे पाहावे. सिडको, सातपूर, पंचवटीतून रोज येणारा विक्रेता, बिले लिहिणारी मुलगी, एकट्याने बाजारात येऊ इच्छिणाऱ्या वृद्ध मावशी यांच्यासाठी भरवशाची गाडी म्हणजे सोयीपेक्षाही अधिक काही असते. तिसऱ्या आक्षेपाचेही थोडे उत्तर येथेच मिळते. बसचा मार्ग एका परिपत्रकाने बदलता येतो. टाकलेला रूळ कोणी सहज उचलत नाही. त्या स्थैर्याच्या भरवशावर माणूस घर घेतो, दुकान थाटतो आणि बँकही कर्ज देते. पण हे उत्तर अर्धेच आहे. गर्दीचा प्रामाणिक अंदाज आधी हाती असला पाहिजे.

आता नावेची बाजू, कारण खरा धोका गाडी धावू लागल्यावर नसून ती धावू लागण्याआधीच्या वर्षांत आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराचे उदाहरण प्रत्येक व्यापारी संघटनेने अभ्यासावे असे आहे. तेथे ट्रामचा करार 2008 मध्ये झाला. खर्चाची मर्यादा 54 कोटी 50 लाख पौंड होती आणि गाडी 2011 मध्ये धावणार होती. प्रत्यक्षात ती 31 मे 2014 रोजी धावली, खर्च 77 कोटी 60 लाख पौंडांवर गेला आणि ठरलेला मार्गही पूर्ण झाला नाही. आराखडे अपुरे असताना करार झाला. जमिनीखालील पाण्याच्या, गॅसच्या वाहिन्या आणि तारा हलवण्याचे काम अंदाजापेक्षा कितीतरी मोठे निघाले. ठेकेदार आणि पालिकेची कंपनी यांच्यात तंटा झाला. लीथ वॉक हा तेथील जुना बाजाररस्ता त्या वाहिन्यांसाठी खणला गेला. दुकानदारांनी तो काळ सोसला आणि शेवटी त्या रस्त्यावर ट्राम आलीच नाही. ती आली जून 2023 मध्ये. मात्र दुसऱ्या वेळी तोच विस्तार सुमारे 20 कोटी 70 लाख पौंडांच्या ठरलेल्या अंदाजात पूर्ण झाला आणि दुकानदारांसाठी साहाय्य योजना व मालाच्या चढउताराची व्यवस्था कामातच धरलेली होती. शहर तेच, रस्ताही तोच. फरक पूर्वतयारीचा होता.

माझे आयुष्य कर्जखाती तपासण्यात गेले. त्यामुळे रस्ता खणला की माझे लक्ष खड्ड्याआधी खतावणीकडे जाते. बहुतेक दुकाने कॅश क्रेडिटवर चालतात. त्यातून किती रक्कम उचलता येईल, हे शिल्लक माल आणि येणे बाकी यांवर ठरते. विक्री मंदावली की माल पडून राहतो आणि वसुली लांबते. जुना माल व जुनी येणी बँक हिशेबात धरत नाही. उचल मर्यादा घटते, व्याज मात्र दरमहा लागतच राहते. खाते नव्वद दिवसांहून अधिक काळ अनियमित राहिले, तर ते अनुत्पादक ठरते. हे घड्याळ समोरचा रस्ता खणला आहे की नाही, हे पाहत नाही. पूर किंवा दुष्काळ आल्यास कर्जाच्या पुनर्रचनेसाठी रिझर्व्ह बँकेचे स्वतंत्र निर्देश आहेत. सार्वजनिक कामासाठी झालेले खोदकाम नैसर्गिक आपत्तीत मोडत नाही. दोन पिढ्यांची पत असलेली पेढी एका पावसाळ्यातील लांबलेल्या खोदकामाने कलंकित होऊ शकते.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. भरवशाची वाहतूक आली की जागेचे भाव चढतात. त्याचा लाभ जागेच्या मालकाला होतो. लिव्ह अँड लायसन्सवर दुकान चालवणारा मात्र खोदकामाची झळ सोसतो आणि चांगले दिवस येताच वाढीव भाडे भरतो किंवा जागा सोडतो. आपल्या समाजात दोन्ही प्रकारची कुटुंबे आहेत, हे संघटनेच्या बैठकीत विसरू नये.

या सर्व जमाखर्चाची बाकी काढली, तर माझे मत असे आहे: वस्त्या जोडल्या जाव्यात, पण दुकानदाराच्या बुडालेल्या महिन्यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरला जावा. आज तो कोणत्याच रकान्यात नसतो. तो गुपचूप आपल्या गल्ल्यातून वजा होतो. जो खर्च कागदावर नसतो, तो वाचवण्याची घाईही कोणाला नसते. ठेकेदाराच्या विलंबाने दुकानाचे जितके नुकसान होईल, तितका बोजा प्रकल्पावर पडू लागला की रस्ते वेळेवर बुजू लागतील.

म्हणून सरसकट विरोधाची पत्रके काढण्यापेक्षा व्यापारी संघटनांनी तीन मागण्या लेखी कराव्यात. पहिली, जमिनीखालील सर्व वाहिन्यांची पाहणी पूर्ण झाल्याशिवाय ठेका देऊ नये. दुसरी, एका वेळी रस्त्याचा ठरावीक लांबीचा तुकडाच खणावा, त्याची तारीख आधी जाहीर करावी, दिवाळी आणि लग्नसराईत नवे खोदकाम सुरू करू नये आणि चढउतारासाठी सकाळची वेळ राखून ठेवावी. तिसरी, बाधित रस्त्यावरील दुकानांना मालमत्ता करात सवलत आणि भरपाई मिळावी. शिवाय त्यांच्या कर्जखात्यांना काही काळ मुदतवाढ देण्याबाबत बँकांशी आधीच बोलणी व्हावीत.

व्यक्तिशः प्रत्येक दुकानदारानेही एक तयारी ठेवावी. गेल्या तीन वर्षांची महिनावार विक्री जीएसटीच्या विवरणपत्रांसह एका धारिकेत लावून ठेवावी. उद्या भरपाई मागायची वेळ आली किंवा शाखेत मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागला, तर त्या आकड्यांपुढे तोंडी तक्रारीला मोल राहणार नाही. आणि अर्ज द्यायचा तो पहिला हप्ता चुकण्याआधी द्यावा. आधी येणारा कर्जदार बँकेला जबाबदार वाटतो; नव्वद दिवसांनंतर येणाऱ्यासाठी शाखाधिकाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही.