ओट्याचा दगड

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर वसला आहे. वणी-मुकुटबन पट्ट्यात मात्र चुनखडी आहे आणि राजूरच्या चुनाभट्ट्या व सिमेंट उद्योग तिच्यावरच उभे राहिले. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड बाहेरून येतो, तरी दगड चुनखडीचा आहे की नाही यावरच निवड ठरते. कडप्पा आणि शहाबादी फरशी, दोन्ही चुनखडीच. तिच्यातल्या कॅल्साइटची कठीणता मोह्स मापनावर 3, म्हणून सुरीचा ओरखडा सहज उठतो. लिंबू, चिंच, ताक सांडून राहिले की आम्ल कॅल्साइट विरघळवते आणि चकाकी जाते. पुसून ती परत येत नाही. अंबाडीची भाजी नेहमी शिजणाऱ्या घरात हा दोष लवकर दिसतो. संगमरवराचेही तेच, म्हणून तो देवघरात शोभतो, ओट्यावर नाही. ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ असते, कठीणता 6 ते 7. गरम कढई किंवा लिंबाचा रस त्याला सहसा बाधत नाही. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये डाग मुरत नाहीत, पण त्यातली राळ चुलीवरून उतरवलेल्या भांड्याने करपते. काळा ग्रॅनाइट घेताना थिनरने भिजवलेला पांढरा फडका घासून पाहावा. रंग उतरला तर दगड रंगवलेला आहे. साधारण 18 मिलिमीटर जाडी पुरते, मात्र खाली सलग आधार हवा. ग्रॅनाइटही तडकतो तो बहुधा सिंकसाठी कापलेल्या अरुंद पट्टीत. ठेचा कुटण्याची जागा तिथून दूर, भक्कम आधारावर ठेवावी.