शपथ कोणी घेतली?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वज फडकतो. पूर्णेवरील धरणामुळे परिचित असलेल्या येलदरीलाही त्या दिवसाचे मोल आहे. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट कोसळली आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेने कालच्या प्रजेला नागरिक केले. त्यासाठी घटनेने येलदरीच्या शेतकऱ्याकडे निष्ठेचा दाखला मागितला नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षीच्या आदेशाने तेथील आपले बांधवही असेच भारतीय नागरिक ठरले.

मग एखादी परदेशी सून सात वर्षे येथे संसार करून रीतसर भारतीय होते, तेव्हा आपल्या कपाळाला आठ्या का पडाव्यात? 'कागदावरची भारतीय' अशी तिची संभावना आपण कोणत्या तोंडाने करतो? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार ती राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची, कायदे पाळण्याची व नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याची शपथ घेते. आपल्याला नागरिकत्व जन्मतःच आयते लाभले. त्यासाठी अशी शपथ आपण कधी घेतलीच नाही. तेव्हा निष्ठेचा जाब कोणी कोणाला विचारावा?

देशाचा अभिमान अवश्य बाळगावा; परंतु घरच्या माणसाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवणाऱ्या अभिमानाला आम्ही अहंकारच म्हणतो. आपल्या धर्मग्रामात असा कोणी नवा नागरिक असेल, तर येत्या प्रजासत्ताकदिनी ध्वजाची दोरी त्याच्या हाती देऊ या आणि त्याने घेतलेली शपथ त्याच्यासोबत आपणही एकदा घेऊ या.