सामाईकास हात लावण्यापूर्वीं

पाणिनीच्या एका सूत्रांतील पद अनुवृत्तीनें पुढील अनेक सूत्रांस पुरतें; तें बदललें कीं पुढच्या सूत्रांचा अर्थ ढळतो. संगणकांतील सामाईक लायब्ररीचें, म्हणजे अनेक प्रोग्रामांनीं मिळून वापरावयाच्या आज्ञासंग्रहाचें, असेंच आहे. एप्रिल २०२२ मध्यें निघालेल्या उबुंटू २२.०४ बरोबर ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ति आली, आणि १.१ वर विसंबलेले जुने प्रोग्राम अडून बसले.

अशा वेळीं कित्येक तरुण नव्या फाइलीस जुनें नांव देऊन पाहतात. हें नुसतें सोंग होय. आंतील रचना भिन्न असल्यानें प्रोग्राम तें स्वीकारीत नाहीं. जुनी लायब्ररी बाहेरून आणणेंही धोक्याचें, कारण १.१.१ ची सर्वांसाठीं होणारी डागडुजी सप्टेंबर २०२३ मध्यें थांबली. आणि गुप्त व्यवहाराची राखण तर तिच्याकडेच!

सबब प्रथम 'एलडीडी' या आज्ञेनें काय सांपडत नाहीं तें पाहावें. मग त्या प्रोग्रामाची नवी आवृत्ति आणावी, किंवा मूळ संहिता हातीं असल्यास ती नव्या लायब्ररीवर पुन्हां बांधावी. घरचे हिशेब व वडिलांचीं छायाचित्रें एकाच यंत्रांत असतील, तर बदलापूर्वीं त्यांची प्रत निराळी ठेवावी.

सामाईक वस्तूस हात लावण्यापूर्वीं तिजवर कोण कोण अवलंबून आहे हें विचारावें, हा एकत्र कुटुंबाचा नियम येथेंही सुटत नाहीं.