हातगुण

आपल्याकडे डॉक्टरची शिफारस करताना त्याच्या पदव्या कोणी सांगत नाही. "त्यांच्या हाताला गुण आहे हो," एवढे म्हटले की काम झाले. गेल्या वर्षी आमच्या भाऊजींच्या हर्नियाचे ऑपरेशन ठरले, तेव्हा ताईनेही चार घरी चौकशी करून असाच एक डॉक्टर पक्का केला. तिचे घर धुळ्याला, देवपुरात. पांझराकाठच्या एकविरा देवीची ओटी भरून आली आणि तिने मला फोन केला, "तू ये बाबा. ऐन वेळी मला काही सुचायचं नाही."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर खोलीत आले. भाऊजी निवृत्त शिक्षक, म्हणून डॉक्टर त्यांना गुरुजीच म्हणत. "गुरुजी, पूर्ण नाव सांगा. ऑपरेशन कशाचं? कुठल्या बाजूचं?" भाऊजींनी सांगितले, तशी त्यांनी उजव्या बाजूला शाईने बाण काढला. अर्ध्या तासाने नर्स आली. पुन्हा तेच प्रश्न. स्ट्रेचरवर घेताना तिसऱ्यांदा तेच. ताईचा चेहरा उतरला. मला कोपऱ्यात ओढून ती म्हणाली, "अरे, ह्या लोकांना अजून बाजूसुद्धा ठाऊक नाही की काय?"

खरे सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली. आपल्या डोळ्यांपुढचा सर्जन कसा, तर करारी मुद्रेचा आणि कोणाला काही न विचारणारा. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण दिले आहेत, तेही असेच आहेत. त्याच्या अंगी धैर्य हवे, हात चपळ हवा, शस्त्र धारदार हवे. त्याला घाम फुटू नये, हात थरथरू नये आणि बुद्धी गोंधळू नये. मात्र हे जन्मतः येते असे सुश्रुत मानीत नाही. शिष्याने आधी कोहळ्यावर आणि काकडीवर छेद घ्यायला शिकावे, टाके कापडावर आणि मऊ कातड्यावर घालून पाहावेत, असा त्याचा दंडक. म्हणजे हातगुण हा निम्मा तरी सराव.

मग उरलेला निम्मा कोणता? थिएटरबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मला अतुल गावंडे आठवले. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळचे हे घराणे. वडील अमेरिकेत जाऊन सर्जन झाले, मुलगाही सर्जनच झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनपूर्वी आणि नंतर वाचून पाहायची १९ कलमांची एक यादी काढली, त्या कामाचे अतुल गावंडे प्रमुख होते. यादीत नवे शास्त्र काही नाही. रोगी हाच ना? बाजू हीच ना? प्रतिजैविक वेळेवर दिले ना? हत्यारे आणि गॉजचे तुकडे मोजले ना? एवढेच. आणि खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे.

दिल्ली धरून आठ देशांतल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष आला. साडेसात हजारांहून अधिक रोग्यांचा हिशेब होता. मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले होते आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ वर.

पण कागदाला हात नसतात. कॅनडातल्या आँटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाली आणि २०१४ साली १०१ रुग्णालयांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. मला वाटते, खुणा करणे निराळे आणि ऐकणे निराळे. गावंडे स्वतः नावारूपाला आल्यावरही आपल्या निवृत्त गुरूला थिएटरमध्ये बोलावून म्हणाले, माझे काम पाहा आणि चुका सांगा. गुरूने वहीत टिपून ठेवले की तुझे कोपर उंच जाते, दिव्याचा झोत जखमेवरून सरकतो आणि तुला कळत नाही. नाव झाल्यावर हे ऐकून घ्यायला कोहळ्यावरचा सराव पुरत नाही.

इकडे पाऊण तास सांगितला होता, त्याचा सव्वा तास झाला. ताईची जपमाळ थांबली. मी घड्याळाकडे पाहणे सोडून दिले. अखेर डॉक्टर बाहेर आले. "सगळं ठीक आहे. मोजणीत एक तुकडा कमी भरत होता, म्हणून टाके घालायचं थांबवलं. चादरीच्या घडीत सापडला. उशीर त्यामुळे झाला."

आतली हकिगत संध्याकाळी भाऊजींनी सांगितली. कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, कान मात्र जागे होते. "पोरगी विशी-बाविशीची असेल," ते म्हणाले. "दबकतच म्हणाली, 'सर, एक कमी आहे.' मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. डॉक्टर म्हणाले, 'पुन्हा मोज.' पुन्हा एक कमीच. मग सगळे शोधायला लागले. सापडल्यावर म्हणाले, 'बरं झालं सांगितलंस.' एवढंच."

भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले.

"मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला होता, 'गुरुजी, फळ्यावरचं उत्तर चुकलंय.' मी त्याला तास संपेपर्यंत उभा ठेवला. उत्तर चुकलेलंच होतं, ते मला घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ते दुरुस्त केलं, पण त्याला काही बोललो नाही. पुढे त्यानं कधी हात वर केला नाही."

ताई पेज घेऊन आली. तिने चमचा पुढे केला आणि विचारले, "काय हो, उजवीकडचंच केलं ना?"

"तिघांनी तीनदा विचारून केलं," भाऊजी म्हणाले. "तू चौथी."