बावन्न दरवाजे, एक बोगदा

रात्रीचे साडेनऊ. कॅनॉटमधला कॅफे, हातात कॉफी आणि फोनवर बॉस: ‘ते कोटेशन आत्ताच्या आत्ता पाठव!’ फाइल मात्र वाळूजच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. आता?

आमच्या एका मित्राने यावर सोप्पा जुगाड केला होता. ऑफिसचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा! एका सोमवारी बघतो तर सगळ्या फाइल्स कुलूपबंद, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. तीन वर्षांची ड्रॉइंग्ज गेली ती गेलीच.

बावन्न दरवाजांच्या शहरात राहून दार असं सताड उघडं? अहो, मलिक अंबरने सतराव्या शतकातच नहर-ए-अंबरीचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं होतं. व्हीपीएनही तसंच. रस्ता सार्वजनिक, पण तुमचा डेटा कुलूपबंद बोगद्यातून जातो.

ओपन सोर्समध्ये तीन भिडू बघण्यासारखे.

ओपनव्हीपीएन: २००१ पासूनचा मुरलेला गडी. टीसीपी ४४३ वर चालवता येतो, म्हणून हॉटेलच्या कडक फायरवॉलमधूनही बहुतेकदा वाट काढतो. पण सर्टिफिकेटं सांभाळायचा व्याप आहे.

वायरगार्ड: २०२० मध्ये थेट लिनक्स कर्नलमध्ये दाखल. कोड जेमतेम चार हजार ओळींचा, त्यामुळे तपासायला सोपा. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात तरी कनेक्शन टिकतं. अनोळखी माणसाने दार वाजवलं तर उत्तरच देत नाही! उणीव एकच: तो फक्त यूडीपीवर चालतो. यूडीपी बंद असलं, की गाडी अडली.

स्ट्राँगस्वान: याला लागणारा क्लायंट विंडोज आणि आयफोनमध्ये आधीच असतो. वाळूज आणि पुण्याची ऑफिसं जोडायला झकास, पण सेटिंग म्हणजे डोक्याला ताप.

आमचं मत? दहा-पंधरा जणांच्या ऑफिसला वायरगार्ड, आणि फिरतीवर असणाऱ्यांसाठी जोडीला ओपनव्हीपीएन. मात्र ऑफिसच्या लाइनला स्टॅटिक आयपी घ्या, नोकरी सोडणाऱ्याची की त्याच दिवशी रद्द करा, अपडेट्स टाळू नका आणि बॅकअप वेगळ्या जागी ठेवा. आणि हो, हे सगळं आयटीवाल्याला विचारूनच, गुपचूप नाही!

मित्राने आता वायरगार्ड बसवलंय. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, वेळ गेला एक रविवार. ‘हाच रविवार वर्षभर आधी काढला असता तर...’ एवढंच म्हणतो आणि गप्प होतो.

तुमचा येता रविवार मोकळा आहे ना?